मलूल

“मूल लिस्टलेस कधीपासून आहे?” डॉक्टरांनी विचारलं, आणि साईनाथला पहिल्यांदा वाटलं की शाळेतून फोन आलेला दिसतोय. नाहीतर हा शब्द इथे, हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दारापाशी, या पोरसवदा डॉक्टरीणबाईंना कोणी सांगितला? दारापलीकडे त्याची नऊ वर्षांची अपेक्षा पडली होती. सकाळी तो तिला हाताला धरून नारायण पेठेतल्या क्लासला घेऊन गेला होता आणि आता दुपार होती. डॉक्टरांनी तसं सहजच विचारलं होतं, ताप कधीपासून आहे असं विचारतात तसं. पण साईनाथ काचेतून आत बघत राहिला. शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक होता, अडचण तीच होती. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, नम्रतानं, उत्तर दिलं. महिना-दीड महिना तरी, ती म्हणाली, आणि मग त्याच्याकडे न बघता पुढे म्हणाली, “जास्तही असेल. यांना विचारा. शाळेत हेच गेले होते.”

मग डॉक्टर एकेक विचारत गेल्या. सारखी तहान लागत होती का, रात्री अंथरुणात शू होत होती का, वजन उतरलं होतं का, श्वासाला गोडसर वास येत होता का. नम्रता प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होती आणि प्रत्येक हो आधीच्या होपेक्षा हळू होत होता. लहान मुलांचा मधुमेह, डॉक्टर म्हणाल्या. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाहीये, साखर रक्तात नुसती फिरते आणि अंगाला मिळत नाही, म्हणून शरीर स्वतःचीच चरबी जाळायला लागतं, रक्तात आम्ल साठतं. औषधं सुरू केली होती. पण मेंदूला सूज येण्याची भीती होती, तेव्हा संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नव्हतं. “थोडं आधी आणायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. पुण्याच्या डॉक्टरांच्या मानानं हे फारच सौम्य होतं, आणि साईनाथला ते सौम्यपणामुळेच सहन झालं नाही. त्यांनी झापलं असतं तर त्यालाही काहीतरी उलट बोलता आलं असतं.

तो शब्द त्याला अपेक्षाच्या शाळेतल्या शेफाली मिसनी दिला होता. दिवाळीच्या सुट्टीआधीची पालकसभा. तळमजल्यावरच्या वर्गात मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर पालक गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. साईनाथला त्या शाळेत नेहमी आपले हात मोठे वाटायचे. मिस चांगल्या होत्या, वयानं लहान, बोलताना डोळ्यांत बघायच्या. अपेक्षा स्वीट आहे, त्या म्हणाल्या, पण हल्ली जरा लिस्टलेस झालीय. वर्गात हात वर करत नाही, खेळाच्या तासाला कट्ट्यावर बसून राहते, सारखी वॉशरूमला जायचं म्हणते. घरी सगळं ठीक आहे ना, असंही त्यांनी विचारलं. साईनाथनं मान डोलावली. शब्द कळला नव्हता, पण मागच्या रांगेत त्याच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायटीतले दोघं-तिघं पालक बसले होते आणि त्यांच्यासमोर अर्थ विचारणं त्याच्या जिवावर आलं. गाडीत बसल्यावर त्यानं फोनमध्ये शब्द बोलून बघितला. फोननं चटकन अर्थ दिला: उत्साह नसलेला, निरुत्साही. खाली बारीक अक्षरात अजून काही होतं, वाक्यात वापर वगैरे. ते त्यानं वाचलं नाही. अर्थ मिळाला होता, आणि तो असा वर्मी बसला होता की पुढचं वाचायचं भान राहिलं नाही.

कारण उत्साह नसलेला म्हणजे काय हे साईनाथला कोणी फोनवरून सांगायची गरज नव्हती. तो रोज ते बघत होता. कात्रजच्या अलीकडे त्यांचं गाव होतं, म्हणजे अजूनही आहे, पण महापालिकेत गेल्यापासून त्याला गाव म्हणायला फक्त गावातलेच उरलेत. जमीन गेली, बिल्डर आला, पैसा आला, इमारती उभ्या राहिल्या, आणि इमारतींच्या फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. त्या खुर्च्यांवर त्याचे चुलतभाऊ सकाळपासून बसलेले असत. पांढरे कडक कपडे, हातात फोन, मनगटाला सोन्याची साखळी, आणि चेहऱ्यावर काहीही नाही. भाडं येत होतं. उठायचं कशासाठी? एक जण दारूनं गेला, एकाचं लिव्हर गेलं, बाकीचे नुसतेच बसले होते. साईनाथ स्वतः बसत नसे. त्यानं हार्डवेअरचं दुकान काढलं होतं आणि ते नीट चालतही होतं, पण शटर वर करताना त्याच्या हातात चैतन्य नसायचं, हे त्याला एकट्याला माहीत होतं. गोठा पाडला त्या दिवसापासून नसायचं. ही गोष्ट त्यानं कोणाला बोलून दाखवली नव्हती, नम्रतालासुद्धा नाही. आणि आता शाळेनं ती त्याच्या पोरीच्या नावावर लिहिली होती. घराण्याचा रोग खाली उतरला, असं त्याला गाडीत बसल्या बसल्या वाटलं. अपेक्षा त्या खुर्चीवर बसलेली त्याला दिसली, चाळीस वर्षांची.

खरं म्हणजे तो भ्याला होता. पण भ्यालेला बाप आपल्याकडे भ्यालेला दिसत नाही, कडक दिसतो. त्याच आठवड्यात त्यानं नारायण पेठेतल्या एका क्लासमध्ये अपेक्षाचं नाव घातलं. मुलांचा आत्मविश्वास आणि ऊर्जा वाढवण्याचा क्लास, दर रविवारी सकाळी. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक हॉल, भिंतीवर उगवता सूर्य आणि डरकाळी फोडणारा वाघ. क्लासचे सर, अभिनव सर, सगळ्या मुलांना ओळीत उभं करून ओरडून विचारत, “हाऊ आर यू?” आणि मुलांनी मूठ वर करून त्याहून मोठ्यानं म्हणायचं, “फुल एनर्जी!” सरांचा एक नियम होता. सरांनी “व्हेरी गुड” म्हटल्याशिवाय मूठ खाली आणायची नाही. कधी कधी ते मुद्दाम वेळ लावत. हात भरून आले की मुलं हसायची, एकमेकांना ढोसायची, आणि मागे भिंतीला टेकून बसलेले आईबाप कौतुकानं बघायचे. घरीसुद्धा रोज करून घ्या, सर म्हणत, सवय अंगात मुरली पाहिजे. पालकांनी ढिलाई करायची नाही.

साईनाथनं ढिलाई केली नाही. रोज सकाळी शाळेच्या आधी तो दिवाणखान्यात तिच्यासमोर उभा राहायचा. अपेक्षा गणवेशात, केसांना तेल, डोळ्यांखाली थोडं काळं. हाऊ आर यू? पहिल्या वेळी आवाज बारीक यायचा. पुन्हा. मग जरा मोठा. पुन्हा. मूठ वर. तो तिच्या हाताकडे बघत राहायचा, हात थरथरायला लागला की त्याला वाटायचं, आता लागतोय कस. मग व्हेरी गुड. ती हात खाली आणून पहिल्यांदा पाण्याच्या बाटलीकडे जायची आणि अर्धी बाटली एका दमात संपवायची. शाळेत बाटली दोनदा भरून घ्यायची, असं रिक्षावाले काका म्हणाले होते. क्लासच्या सरांनी तर पाणी भरपूर पिते म्हणून तिला सगळ्यांपुढे टाळ्या मिळवून दिल्या. पावसाळ्यात घेतलेला स्कर्ट कमरेत सैल झाला तेव्हा नम्रतानं हुक सरकवून लावला. अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा साईनाथ म्हणाला, एवढ्या घोडीला शोभतं का हे? अपेक्षा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतःच चादर बाथरूममध्ये नेऊन भिजवत होती, आणि पिळायला हातात जोर नाही म्हणून तशीच निथळती घेऊन उभी होती. त्यानं ते बघितलं. जबाबदारी कळायला लागली, असं त्याच्या मनात आलं. हे असं, या शब्दांत मनात आलं होतं, हे त्याला आता बाकावर बसून आठवत होतं आणि ते दुसऱ्या कोणाचं असतं तर बरं, असं वाटत होतं.

नम्रतानं एकदा विषय काढला होता. पोरगी उतरलीय, डॉक्टरांना दाखवून येऊ. तेव्हा तो म्हणाला होता की डॉक्टर टॉनिक देईल आणि पैसे घेईल, हा अंगाचा नाही, मनाचा आळस आहे. तू लाडानं बसवून ठेवतेस म्हणून ती बसते. नम्रता बीए झालेली, सातारा रोडच्या चाळीत वाढलेली, पण या घरात आल्यापासून तिला वाद घालायचा कंटाळा आला होता. तिनं विषय सोडला. आता ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून अपेक्षाचे बूट मांडीवर घेऊन होती. अंगावरचं सगळं काढून नर्सनं पिशवीत दिलं होतं, बूट मात्र पिशवीत मावले नव्हते.

आणि हे सगळं कळायला त्याला डॉक्टर लागायला नको होता. हाच विचार दुपारभर फिरून फिरून येत होता आणि साईनाथ तो ढकलून देत होता, पण तो जाऊन पुन्हा त्याच जागी येत होता. त्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या तेव्हा तो शाळकरी पोर होता, आणि कोणती म्हैस बिघडलीय हे घरात सगळ्यांत आधी त्याला कळायचं. पहाटे धारा काढायच्या आधी तो गोठ्यातून एक फेरी मारायचा. कान पडलेत, नाकपुडी सुकलीय, रवंथ थांबलंय, डोळा उघडा आहे पण बघत नाहीये. तो येऊन सांगायचा, आबा, चांदी मलूल हाय. बास, एवढंच. त्याचा बाप दत्तोबा त्यावर एक प्रश्न विचारत नसे. हातातली धारेची कासांडी खाली ठेवून आधी जनावराच्या कानाच्या मुळाशी हात लावायचा, मग कात्रजच्या जनावरांच्या डॉक्टरला बोलवायला माणूस धाडायचा. मलूल जनावराला कोणी मारत नसे. त्याला कोणी आळशी म्हणत नसे. त्याला वेगळं बांधत, गार पाण्यानं पुसत, त्याच्यापाशी बसत. एकदा चांदी व्यायल्यानंतर चारा सोडून उभी राहिली, तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोड वास यायला लागला, आणि तो वास पहिल्यांदा साईनाथलाच आला होता. डॉक्टर म्हणाला, पोराचं नाक चांगलं आहे, दोन दिवस उशीर झाला असता तर गेली असती. दत्तोबानं त्या दिवशी त्याला धंद्यातला भागीदार असल्यासारखं शेजारी बसवून चहा पाजला होता. साईनाथला आयुष्यात कशाचा अभिमान वाटला असेल तर त्या चहाचा.

तो वास गेल्या आठवड्यात घरात होता. अपेक्षाच्या तोंडाला. तिच्या जवळ वाकून शाळेची टाय नीट करताना त्याला तो आला होता, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला गोठा आठवला होता. पहाटेचा गोठा, कंदिलाचा उजेड, शेणाचा ओला उबारा. बरं वाटलं होतं त्याला. आठवणीत बरं वाटून घेण्यात तो क्षण गेला आणि मग तो म्हणाला होता, नीट ब्रश करत जा. तिनं मान हलवली आणि पुन्हा जाऊन ब्रश करून आली.

सकाळी क्लासला जिना चढताना ती दोनदा थांबली. श्वास मोठा चालला होता, खोल, पळून आल्यासारखा, पण ती पळाली नव्हती. उलटी होईल असं वाटतंय, ती म्हणाली. साईनाथनं घड्याळ बघितलं. आज पालकांसमोर एकेकाला पुढे बोलावणार होते. दोन मिनिटांचं काम आहे, तो म्हणाला, मग घरी जाऊ. तिचा नंबर आला, ती पुढे गेली, सरांनी विचारलं, हाऊ आर यू? अपेक्षानं मूठ वर केली आणि तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली. आवाज आला नाही. लाऊडर, सर म्हणाले. मागे कोणीतरी हसलं. साईनाथ जागेवरून तिला खुणेनं सांगत होता, जोरात, जोरात. मग तिचे गुडघे वाकले, पण हात वरच होता, आणि ती हात वर ठेवून खाली बसली आणि कुशीवर आडवी झाली. ते बघताना त्याला पहिली आठवण झाली ती म्हणजे गोठ्यातली बसकण मारलेली म्हैस. इतकं सगळं झाल्यावर मग त्याच्या डोळ्यांना दिसायला लागलं.

दुपार उतरली. त्यानं फोन काढला, उगीच, आणि तो शब्द पुन्हा काढला. या वेळी खालपर्यंत वाचलं. वापराची दोन वाक्यं होती. एक उन्हाळ्यातल्या दुपारचं होतं. दुसरं आजारी मुलाचं होतं. फोन त्यानं खिशात ठेवला. रडू आलं नाही. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी पडून विरून जातं तसं आत काहीतरी होत होतं आणि वर काही येत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. दत्तोबा होता, गावातल्या जुन्या घरातून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन बिघडलेलं, त्यामुळे हल्ली तो आवाजांवर जगायचा.

“काय रं, कशी हाय पोरगी?”

“औषधं चालू केल्यात आबा.”

“मला मागंच वाटलं होतं. आवाज बसल्यागत येत होता तिचा. म्हनलं तुला विचारावं.” दत्तोबा खाकरला. “मग म्हनलं, साईनाथ हाय की घरात. त्यानं बघितलं आसंल.”

साईनाथ हं, एवढंच म्हणाला. फोन ठेवल्यावर त्यानं नम्रताकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. बुटाची लेस ती बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती. “आबांना सांगा खरं काय ते,” ती म्हणाली. “किंवा नका सांगू. मला आता त्यात काही पडलेलं नाही.” मग लेस सोडून, अगदी साध्या आवाजात, “ती मला म्हणाली होती, आई, पप्पांना सांगू नकोस मी दमते म्हणून. मला हसू आलं होतं तेव्हा.” त्याला तिच्या जवळ सरकावंसं वाटलं आणि तो सरकला नाही.

पाचच्या सुमाराला नर्सनं दार उघडून आवाज दिला. अपेक्षाचे वडील कोण? थोडी हालचाल करतेय, एकानंच या, जास्त बोलायचं नाही. नम्रता उठली होती, पण बोलावलं त्याला होतं. ती पुन्हा खाली बसली आणि मानेनंच म्हणाली, जा. त्यानं चपला काढल्या, हिरवा झगा चढवला, हाताला गार औषध चोळलं. आत उजेड पांढरा होता आणि यंत्रांचा टकटक आवाज सोडला तर शांत होतं. पलंग मोठा होता आणि त्यात अपेक्षा फार थोडी होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दोन्ही हातांना नळ्या, उजवा हात सुई हलू नये म्हणून एका पट्टीला बांधलेला. केस घामानं कपाळाला चिकटले होते. तो उभा राहून तिच्याकडे बघू लागला, आणि खूप वर्षांनी त्याची नजर पहिल्यासारखी चालली. ओठ सुकलेले. पापणी अर्धी. गळ्याच्या खळीत श्वासाबरोबर पडणारा खड्डा. त्यानं हात पुढे केला आणि तिच्या कानाच्या मुळाशी बोटं ठेवली. गार होतं. मलूल हाय, तो मनाशी म्हणाला, आबा, पोरगी मलूल हाय, आणि ते कोणाला सांगायला जायचं हे त्याला कळेना.

बोटांच्या स्पर्शानं तिनं डोळे उघडले. आधी छताकडे, मग नर्सकडे, मग त्याच्याकडे. ओळखायला तिला वेळ लागला. ओळख पटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला कळलं आणि कळू नये असं वाटलं. तिची घाई झाली होती, उशीर झाल्यासारखी. पट्टीला बांधलेला हात चादरीवरून हलला. वीतभर वर आला. बोटं एकेक करत आत वळली, नळीच्या सुईपाशी कातडी ताणली गेली, आणि मूठ झाली. मास्कच्या आत ओठ हलले, प्लॅस्टिक धुरकटलं. शब्द आले नाहीत, पण कोणते होते ते त्याला माहीत होतं.

“नको बाळा,” तो म्हणाला. “राहू दे. खाली ठेव हात.”

तिनं ठेवला नाही. ती त्याच्याकडे बघत होती आणि हात थरथरत होता. तो वाकला, तिची मूठ आपल्या तळहातात घेतली आणि हळूच खाली दाबायला गेला, पण तिनं सगळा जोर त्या मुठीत आणला होता, अंगात उरला होता तेवढा सगळा, आणि मूठ खाली येईना. नर्स म्हणाली, अहो, सुई निघेल, शांत करा तिला. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी जमत होतं. नियमाप्रमाणे तिनं केलं होतं, आता पुढचं त्यानं करायचं होतं, आणि तो का करत नाही हे तिला समजत नव्हतं.

साईनाथनं तोंड तिच्या कानाजवळ नेलं. तो वास अजून होता.

“व्हेरी गुड,” तो म्हणाला.

तेव्हा तिनं हात खाली ठेवला.